कुत्र्याचा कच्चा आहार: कलेजी, गुर्दे आणि बाकीचे अवयव किती, कसे आणि कुठे थांबायचं

कच्चा आहार द्यायचा ठरवलेल्या घरात पहिली चूक बहुतेक वेळा कलेजीतच होते. कोंबडीच्या दुकानात ती स्वस्त मिळते आणि कुत्रा मिटक्या मारत खातो, म्हणून रोज वाटीभर घातली जाते. नाहीतर किळस वाटते म्हणून ती घरात येतच नाही आणि कुत्रा नुसत्या बोनलेस चिकनवर राहतो. पहिल्यात जीवनसत्त्व अ साठत जातं, दुसऱ्यात तांबं, जीवनसत्त्व अ आणि ब गटातली बरीच द्रव्यं कमी पडतात.

तिसरी गोष्ट परदेशी तक्ते वाचून लक्षात येत नाही. आपल्याकडच्या मटणाच्या दुकानातले आतले अवयव ताजे म्हणून तसेच कच्चे घातले, तर धोका कुत्र्यापेक्षा घरातल्या माणसांना जास्त असतो. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: स्नायूंचं मांस कच्चं द्यायचं असेल तर द्या, पण बोकड-मेंढीचे आतले अवयव दहा दिवस कडक गोठवल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय वाटीत घालू नका. का, ते पुढे येतंच.

कोणत्या घरात कच्चं देऊच नये

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर हेच मांस शिजवून द्या. कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया असू शकतात. कुत्रा वरून ठणठणीत असतो आणि विष्ठेतून, लाळेतून जंतू घरभर पसरवत असतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०१२ साली कच्च्या मांसाविरुद्ध धोरण जाहीर केलं ते याच कारणासाठी. ही सूचना गंभीरपणे घ्यावी अशीच आहे.

ज्या कुत्र्याला स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आहे, किंवा जो स्टेरॉइडवर आहे, त्यालाही कच्चं नको. एक वर्षाखालच्या पिल्लाचा, त्यातही लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातीच्या पिल्लाचा आहार अंदाजानं ठरवू नका. कॅल्शियम कमी पडलं तर हाडं वाकतात, जास्त झालं तरी वाढ बिघडते. खालचे आकडे पूर्ण वाढलेल्या, निरोगी कुत्र्यासाठी आहेत.

मूळ हिशेब

दिवसाचं एकूण खाणं वजनाच्या २ ते ३ टक्के. घरात लोळणाऱ्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला २, रोज तासभर पळणाऱ्याला ३. मधला आकडा धरून सुरुवात करा आणि दर पंधरा दिवसांनी फासळ्या चाचपा. हात फिरवल्यावर फासळ्या लागल्या पाहिजेत, पण लांबून दिसता कामा नयेत.

या एकूण खाण्यात ८० टक्के स्नायूंचं मांस, १० टक्के खाता येणारं हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के दुसरा एखादा स्रवणारा अवयव. बहुतेकांचा गोंधळ या शेवटच्या पाच टक्क्यांत होतो. दिल (हृदय), पेटा (कोंबडीचा जठर), वजडी, जीभ, फुफ्फुस हे सगळं पोटातलं किंवा छातीतलं असलं तरी हिशेबात मांसाच्या बाजूला धरायचं. दिल हा सरळसरळ स्नायू आहे, पेटाही स्नायूच. दुसऱ्या अवयवाच्या पाच टक्क्यांत येतात ते गुर्दे म्हणजे मूत्रपिंडं, तिल्ली म्हणजे पानथरी, कपुरे म्हणजे अंडकोष आणि भेजा. चिकनची कलेजी आणि पेटा एकाच पिशवीत मिळतात म्हणून दोन्ही अवयव झाले असं धरलं, तर दुसरा अवयव कधीच वाटीत जात नाही.

दुकानात गुर्दे आणि तिल्ली मागितल्याशिवाय मिळत नाहीत. सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा. रविवारी दहानंतर सगळं आधीच कुणाच्या तरी पिशवीत गेलेलं असतं. तिल्ली लोहानं भरलेली असते आणि जास्त झाली की पोट लगेच ढिलं होतं, म्हणून गुर्दे दोन भाग आणि तिल्ली एक भाग असं ठेवलेलं बरं.

कलेजी: कोणाची, किती

सगळ्या कलेज्या सारख्या नसतात. १०० ग्रॅम कच्च्या मेंढीच्या कलेजीत जीवनसत्त्व अ साधारण २४,००० युनिट आणि तांबं सुमारे ७ मिलिग्रॅम असतं. कोंबडीच्या कलेजीत जीवनसत्त्व अ ११,००० युनिटच्या आसपास, पण तांबं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. रवंथ करणारी जनावरं यकृतात तांबं साठवतात, कोंबडी साठवत नाही. त्यामुळे वर्षभर फक्त कोंबडीची कलेजी दिली तर तक्त्यातली कलेजीची रक्कम भरलेली दिसते आणि तांब्याची उणीव तशीच राहते.

निरोगी कुत्र्याला निम्मी मटणाची, निम्मी चिकनची कलेजी हा चांगला मध्य आहे. अपवाद लॅब्रॅडॉर, डॉबरमन, बेडलिंग्टन टेरियर आणि वेस्टी (वेस्ट हायलंड व्हाइट टेरियर) यांचा. या जातींत यकृतात तांबं साचण्याचा आजार ठाऊक आहे आणि लॅब्रॅडॉर तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. त्यांना मटणाची कलेजी देण्याआधी रक्तातली यकृताची तपासणी करून घ्या. आकडे वाढलेले असतील तर ती बंद. डाल्मेशियनचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या शरीरात युरिक आम्ल नीट विघटित होत नाही आणि कलेजी, गुर्दे, तिल्ली या सगळ्यांत युरिक आम्ल ज्यापासून बनतं ते प्युरीन भरपूर असतं, त्यामुळे मूत्राशयात खडे होतात. डाल्मेशियनला हा आहार देऊ नये.

पाच टक्के हे आठवड्याचं माप आहे. रोज थोडी दिली किंवा आठवड्यातून दोनदा दिली तरी चालतं, पण आठवड्याची सगळी एकदम दिली तर दुसऱ्या दिवशी काळपट, चिकट जुलाब होतात. जीवनसत्त्व अ चा अतिरेक मात्र असा लगेच दिसत नाही. महिनोन्महिने रोज नुसती कलेजी-भात खाणारा कुत्रा मान वळवायला नाखूश होतो, सांधे आखडतात, पुढचे पाय जपून टाकतो. तोवर मणक्यांवर हाडाची जास्तीची वाढ झालेली असते आणि ती मागे फिरत नाही.

हायडॅटिड: अवयव कच्चे का नकोत

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा एक बारीक फीतकृमी आहे, लांबी फक्त काही मिलिमीटर. मेंढी, बोकड, गाय, म्हैस यांच्या कलेजीत आणि फुफ्फुसात त्याच्या पाण्यानं भरलेल्या गाठी होतात. कुत्र्यानं ती गाठ कच्ची खाल्ली की सुमारे सहा-सात आठवड्यांत त्याच्या आतड्यात पूर्ण वाढलेले कृमी तयार होतात आणि अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. कुत्र्याला काहीही होत नाही. अंडी त्याच्या केसांना लागतात, हाताला येतात, तोंडात जातात आणि माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात तशाच गाठी वाढतात. हाच हायडॅटिड आजार. त्या कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी, मोठ्या झाल्यावरच कळतात आणि ऑपरेशन करून काढाव्या लागतात. भारतात हा आजार आजही आहे.

न्यूझीलंडनं हा आजार जवळजवळ संपवला आणि २००२ मध्ये देश तात्पुरता मुक्त जाहीर केला. तिथल्या उपायांचा गाभा एवढाच होता: कुत्र्याला मेंढीचे अवयव कच्चे घालायचे नाहीत. एक तर अर्धा तास उकळायचे, नाहीतर उणे १० अंश किंवा त्याखाली किमान दहा दिवस गोठवायचे, आणि कुत्र्यांना वेळेवर जंतांचं औषध द्यायचं. आपण घरी हेच करायचं.

गोठवण्यात दोन अडचणी येतात. जुन्या एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा पुष्कळदा उणे ५-६ अंशांवरच असतो, बर्फ तयार होतो म्हणून आपल्याला तो पुरेसा थंड वाटतो. फ्रीझरचा साधा थर्मामीटर आणून आत ठेवा आणि रात्रभरानंतर वाचा. उणे १८ दिसलं तर उत्तम. दुसरी अडचण विजेची. भारनियमनात सहा-आठ तास वीज गेली आणि पाकिटं मऊ पडली, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. गावाकडे वीज बेभरवशाची असेल तर गोठवण्याच्या फंदात न पडता उकळाच. पातळ काप करून उकळलेली कलेजी पाण्यासकट दिली तर तांबं आणि जीवनसत्त्व अ फारसं जात नाही, ब गटातलं थोडं कमी होतं, बस.

गोठवण्याआधी प्रत्येक कलेजीचे बोटभर जाडीचे काप करून पाहा. दाबल्यावर टणक लागणारी, पांढरट भिंतीची, आत पाणी असलेली गोल गाठ दिसली तर अख्खा अवयव बाद. म्हशीच्या कलेजीत कधी जाड झालेल्या पित्तनळ्या आणि त्यात पानासारखे चपटे कृमी सापडतात, तीही टाका. वजडीभोवतीच्या चरबीच्या पडद्याला लटकणारी पाण्याची पिशवी दिसली तर ती कुत्र्याच्या दुसऱ्या एका फीतकृमीची असते, तीही कच्ची द्यायची नाही. टाकायचं म्हणजे उकिरड्यावर भिरकावायचं नाही, तिथे भटका कुत्रा खातो आणि चक्र पुढे चालू राहतं. अर्धा तास उकळा, मग खोल पुरा किंवा घट्ट बांधून कचऱ्यात द्या. डोळ्यांना काही दिसलं नाही म्हणजे गाठ नाही असं मात्र धरू नका. लहान गाठी आत असतात, म्हणून तपासलं तरी गोठवणं किंवा उकळणं टळत नाही.

पालिकेच्या कत्तलखान्यातून पशुवैद्यानं तपासून शिक्का मारलेलं मटण घेणं हा पहिला गाळणा आहे. यात्रेत किंवा रस्त्याच्या कडेला कापलेल्या जनावराचे अवयव कितीही ताजे दिसले तरी घेऊ नका. अवयव खाणाऱ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेलं जंतांचं औषध दर सहा आठवड्यांनी, वजनानुसार, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत द्या. एरवीचं तीन महिन्यांचं वेळापत्रक इथे पुरत नाही, कारण कृमी त्याआधीच अंडी घालू लागतो.

हाड

मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला असतं. कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण सव्वापट हवं. ते दिलं नाही तर शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं आणि नुसत्या बोनलेसवर वाढलेला कुत्रा उडी मारताना पाय मोडून घेतो.

कोंबडीच्या पंखात वजनाच्या सुमारे ४५ टक्के हाड असतं, पायात ६०, अख्ख्या कोंबडीत ३० च्या आसपास. हाड कच्चंच हवं. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं आणि आतड्याला भोक पाडतं, मग ते बिर्याणीतलं असो की सूपमधलं.

मटणाच्या बाबतीत आपल्या दुकानांची पद्धत आड येते. सत्तूरनं केलेल्या तुकड्यांत हाडाचे धारदार कपचे असतात, कच्चे असले तरी ते हिरडीत घुसतात. म्हणून कुत्र्याचं मटण बोनलेस घ्या किंवा हाडासकट बारीक खिमा करून मागा, आणि हाड कोंबडीतून भरा. नळी तर नकोच. मोठ्या जनावराचं वजन पेलणारं ते हाड इतकं कठीण असतं की चावताना कुत्र्याची वरची मोठी दाढ चिरते.

कोंबडीच्या मानेबद्दल एक जपायची गोष्ट. मेलबर्न विद्यापीठातल्या २०१८ च्या अभ्यासात कच्ची कोंबडी, विशेषतः माना, खाणाऱ्या कुत्र्यांत अचानक मागच्या पायांतून सुरू होणाऱ्या लकव्याचा धोका वाढलेला आढळला. संशय कॅम्पिलोबॅक्टर जंतूवर आहे. आम्ही मान टाळतो, पंख आणि बरगडीचा सांगाडा वापरतो. बोकडाच्या नरड्याचा भागही नको. त्याला थायरॉइड ग्रंथी चिकटलेली राहते आणि ती रोज पोटात गेली तर कुत्रा अस्वस्थ होतो, धापा टाकतो, वजन उतरतं.

हाड अजिबात द्यायचं नसेल तर अंड्याची टरफलं धुवून, वाळवून, ओव्हनमध्ये दहा मिनिटं तापवून मिक्सरमध्ये पिठासारखी दळा. एक किलो बोनलेस मांसामागे ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचाभर. पूड रवाळ राहिली तर पचत नाही, तशीच बाहेर पडते.

२० किलोच्या कुत्र्याचा आठवडा

अडीच टक्क्यांनी रोज ५०० ग्रॅम, आठवड्याला साडेतीन किलो. त्यात कोंबडीचे पंख ७६० ग्रॅम (यातून ३५० ग्रॅम हाड आणि ४१० ग्रॅम मांस मिळतं), बोनलेस चिकन ८०० ग्रॅम, मटणाचा किंवा म्हशीच्या मांसाचा खिमा ७०० ग्रॅम, दिल ३०० ग्रॅम, पेटा ३०० ग्रॅम, मासळी ३०० ग्रॅम, कलेजी १७५ ग्रॅम, गुर्दे आणि तिल्ली मिळून १७५ ग्रॅम. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळूच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे परदेशी तक्त्यात बीफ लिहिलं असेल तिथे म्हशीचं मांस धरा. डुकराचं कच्चं मांस मुळीच नको.

एवढ्यानंही वाटी पूर्ण होत नाही. ८०-१०-१० च्या हिशेबात जीवनसत्त्व ई, मँगनीज, जस्त, आयोडिन, जीवनसत्त्व ड आणि मासळीतली ओमेगा-३ स्निग्धाम्लं कमी पडतात. नुसत्या चिकनवर चालणाऱ्या घरात तर जस्त हमखास कमी पडतं, केस राठ होतात आणि नाकाच्या कडेची कातडी सोलते. म्हणून खिमा चिकनचा न घेता लाल मांसाचाच घ्या.

मासळीत तारली किंवा बांगडा, पाच मिनिटं वाफवून आणि काटे काढून. कच्च्या तारलीत आणि रोहू-कटला जातीच्या माशांत जीवनसत्त्व ब१ नष्ट करणारं विकर (एन्झाइम) असतं, वाफेनं ते निकामी होतं. कोकण-गोव्यात राहणाऱ्यांना मोठी सोय आहे. आठवड्यातून एकदा वाफवलेले चार-पाच शिनाणे दिले की मँगनीज मिळतं, आणि दोन कालवं दिली की जस्त. देशावर ते मिळत नसतील तर पूरक गोळ्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आठवड्यातून दोन अंडी, आणि जीवनसत्त्व ई व आयोडिन डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयोडिनसाठी शेवाळाची पूड मनानं घालू नका, चिमूटभरानं प्रमाण कुठल्या कुठे जातं.

सुरुवात

पहिला आठवडा फक्त बोनलेस चिकन. पूर्वीच्या खाण्यात पाव भाग मिसळून सुरू करा आणि दर दोन-तीन दिवसांनी वाढवत न्या. दुसऱ्या आठवड्यात हाड. शौच घट्ट झाल्याशिवाय पुढे सरकू नका. अवयव तिसऱ्या आठवड्यात, आणि तेही वाटाण्याएवढ्या कलेजीपासून. दोन दिवस पोट ठीक राहिलं की दुप्पट करा. पूर्ण मापाला पोचायला दोन आठवडे लागले तरी हरकत नाही. कलेजी जमल्यावर गुर्दे, मग तिल्ली.

अवयव तोंडातच घेत नसेल तर कारण चव नसून बहुधा बुळबुळीतपणा असतो. तव्यावर दोन्ही बाजू कोरड्याच शेकून द्या. तेही चाललं नाही तर मिक्सरमध्ये वाटून खिम्यात मिसळा. रोजच्या मापासाठी सोपा मार्ग म्हणजे कलेजी आणि गुर्दे-तिल्ली समसमान वाटून बर्फाच्या साच्यात ओतायचे, एक खण वजन करून पाहायचा आणि वरच्या २० किलोच्या कुत्र्याला रोज ५० ग्रॅमइतके खण द्यायचे. मीठ, हळद, लसूण, कांदा काही नाही. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

शौच पाहून मापं दुरुस्त करा. पांढरी, खडूसारखी भुरभुरीत असेल तर हाड जास्त झालं, पंख कमी करा. काळपट आणि सैल असेल तर अवयव एकदम वाढवले, निम्मे करा. पिवळसर, तेलकट आणि दुर्गंधी असेल तर चरबी जास्त, चिकनची कातडी काढा. पहाटे पिवळा फेस ओकत असेल तर रात्रीचं खाणं थोडं उशिरा द्या. कुंथतोय आणि दिवसभर शौच नाही, वारंवार उलट्या, पोट ताणलेलं, शौचात लाल रक्त, मागचे पाय लटपटणं यांत घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते नेमकं सांगा.

ओट्यावर

मांस विकत घेतल्यापासून तासाभरात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळ्यात बर्फाचा डबा सोबत न्या. आतले अवयव स्नायूंच्या मांसाआधी खराब होतात. हिरवट छटा, आंबूस वास, चिकट तार आली की टाका. दिवसाच्या मापाची पाकिटं करून तारीख लिहा, रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकलेल्या भांड्यात वितळायला ठेवा, ओट्यावर नाही. गोठवण्यानं कृमी मरतात, साल्मोनेला मरत नाही. वितळलं की तो पुन्हा वाढतो, म्हणून वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

सुरी आणि चॉपिंग बोर्ड कुत्र्याचे वेगळे. स्टीलची वाटी, कारण प्लास्टिकवरच्या ओरखड्यांत जंतू राहतात. वीस मिनिटांत संपलं नाही तर उचला. नंतर वाटी साबण आणि गरम पाण्यानं धुवा, फरशी पुसा, आणि जेवल्या जेवल्या कुत्र्याला मुलांचं तोंड चाटू देऊ नका. मटणाचं कच्चं काम करताना हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, बोकडांतून ब्रुसेला नावाचा जंतू माणसाला लागतो.

आसपास बर्ड फ्लूची बातमी आली की कच्ची कोंबडी त्याच दिवशी बंद करा आणि साथ संपेपर्यंत सगळं शिजवून द्या, हाडाऐवजी टरफलाची पूड. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूनं दगावले. मांजरवर्गाला हा विषाणू फार घातक आहे, त्यामुळे घरात मांजर असेल तर कुत्र्याची कच्च्या कोंबडीची वाटी तिच्या वाटेत येणार नाही याची एरवीही काळजी घ्या.